तुरुंगातील पदवी : सवलत की हक्क?

(समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतातील समाजवादी पक्षाची बीजे तुरुंगात रुजली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे ही मंडळी एकत्र आली. तेथे वाचन झाले, वाद झडले आणि त्या मंथनातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती शब्दशः उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींच्या हातून 'श्यामची आई' लिहून झाली. त्याआधी मंडालेच्या कारावासात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' सिद्ध केले होते आणि त्यानंतर अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरूंनी भारताच्या इतिहासाचा शोध घेतला. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात पुन्हा एकदा येरवडा आणि नाशिकच्या बराकींतून अभ्यासवर्ग भरले. तुरुंग हे विद्यापीठ होऊ शकते, हे या चळवळीला कोणी पटवून देण्याची गरज नाही.

परंतु या गौरवशाली इतिहासात एक माणूस दिसत नाही. तो म्हणजे शेजारच्या बराकीतील साधा कैदी. चोरीच्या, मारामारीच्या, कधी खुनाच्या आरोपाखाली आलेला, कोणत्याही चळवळीचा नसलेला माणूस. राजकीय बंदी तुरुंगात शिरले तेव्हा बहुतेकांच्या गाठीशी शाळा-महाविद्यालयांचे शिक्षण होते. त्यांना हवी होती ती फक्त पुस्तके आणि उसंत. साध्या कैद्याला बाहेर असतानाच शाळेने टाकलेले असते. त्याच्यासाठी तुरुंगाचे विद्यापीठ आपोआप होत नाही. ते कोणीतरी जाणीवपूर्वक चालवावे लागते. ते चालवणे हे शासनाचे कर्तव्य आहे की शासनाची मेहेरबानी, हा आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

तुरुंगात कोण आहे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. तुरुंगांची क्षमता होती ४ लाख ३६ हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस माणसे. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे चारांतील तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. या कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय यांतील होते. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर साधारण चारांतील एक निरक्षर, आणि दहावीपर्यंतही न पोचलेल्यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ मोठे.

या आकड्यांचा अर्थ असा, की शाळेतून जो गळतो, शेतीतून जो उखडला जातो, शहरात ज्याला कायमची नोकरी मिळत नाही आणि जामिनासाठी ज्याच्यामागे जमीनदार उभा राहत नाही, त्याच वर्गाचे प्रतिबिंब तुरुंगाच्या हजेरीपटात पडते. गुन्हा सर्व थरांत घडतो; बंदिवास मात्र प्रामुख्याने एका थराच्या वाट्याला येतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी दाखवून दिले होते, की शेतकऱ्याच्या श्रमातून गोळा झालेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो. त्या हिशेबातील थकबाकी आजही पुरती फिटलेली नाही, आणि तिचा एक मोठा भाग तुरुंगाच्या भिंतींआड पडून आहे.

सवलतीचे स्वरूप

शिक्षण ही सवलत मानली की काय होते, याचे उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटाने घालून दिले आहे. वर्णद्वेषी राजवटीने तेथे कैद्यांना पत्रद्वारा पदवीचा अभ्यास करण्याची मुभा दिली होती. नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा असा उपयोग केला, की जगभर त्या बेटाला विद्यापीठ म्हटले जाऊ लागले. पण ती मुभा होती, हक्क नव्हता. म्हणून जेव्हा मंडेलांच्या आत्मचरित्राचे लपवलेले हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती लागले, तेव्हा शिक्षा म्हणून त्यांचा अभ्यास चार वर्षे बंद करण्यात आला. अखेर १९८९ साली, बंदिवासातच, त्यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी पूर्ण केली. जे कृपा म्हणून दिले जाते ते शिस्तीचे हत्यार म्हणून काढूनही घेतले जाते, हा त्यातला धडा आहे.

हाच वाद महाराष्ट्राच्या भूमीवरही लढला गेला आणि तो एका मराठी पुस्तकावरून लढला गेला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही. साम्यवादी कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य शासनाने ती नाकारली. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. शासनाचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या सवलतींपलीकडे काहीही मागता येत नाही, आणि पुस्तक लिहून प्रसिद्ध करण्याची सवलत नियमांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हा युक्तिवाद फेटाळला. तो मान्य केला तर नियमांत जेवणाचा उल्लेख नाही म्हणून स्थानबद्धाला उपाशीही मारता येईल, अशा आशयाचे उत्तर न्यायालयाने दिले. नियम हे बंधनाची मर्यादा ठरवण्यासाठी असतात. माणसाचे हक्क नियमांतून जन्माला येत नाहीत, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

पुढे १९७८ साली सुनील बात्रा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बंदिवासामुळे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत हे ठामपणे सांगितले. १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात जगण्याच्या हक्कात वाचन, लेखन आणि अभिव्यक्तीच्या सोयीही येतात, असा अर्थ लावला गेला. या तीन निर्णयांची संगती लावली तर निष्कर्ष स्पष्ट आहे. न्यायालय शिक्षा देते ती हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य काढून घेण्याची. कोणत्याही न्यायाधीशाने आजवर 'सक्तमजुरी आणि अज्ञान' अशी शिक्षा फर्मावलेली नाही. मग जे न्यायालयाने काढून घेतले नाही, ते तुरुंगाच्या प्रशासनाने कोणत्या अधिकारात रोखावे?

अमेरिकेने केलेला प्रयोग

या प्रश्नावर सर्वांत बोलका अनुभव अमेरिकेचा आहे. कारण त्या देशाने कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षण दिले, नंतर काढून घेतले आणि तीस वर्षांनी पुन्हा दिले. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान १९७०च्या दशकात कैद्यांनाही मिळू लागले. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला होता. त्यांच्या मागण्यांत चांगल्या शिक्षणाचाही समावेश होता. तो उठाव गोळीबाराने मोडण्यात आला आणि त्यात एकूण ४३ माणसे मेली. पण त्यानंतरच्या वर्षांत तुरुंगांतून महाविद्यालयांचे वर्ग वाढत गेले.

१९९४ साली, क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, गुन्हेगारीविरुद्धचा मोठा कायदा झाला आणि कैद्यांचे पेल अनुदान बंद करण्यात आले. प्रचार असा होता, की प्रामाणिक कामगाराच्या मुलाचे पैसे गुन्हेगार पळवत आहेत. वस्तुस्थिती काय होती? सुमारे २३ हजार कैद्यांना हे अनुदान मिळत होते आणि त्याची रक्कम एकूण अनुदानाच्या एक टक्क्यालाही पोचत नव्हती. शिवाय ते अनुदान पात्रतेनुसार मिळत असे. कैद्याला मिळाले म्हणून बाहेरच्या कोणा मुलाचे नाकारले गेले, असे घडत नव्हते. तरीही ते बंद झाले. तुरुंगांतील शेकडो वर्ग काही वर्षांत ओस पडले. कामगाराच्या मुलाची फी मात्र एका डॉलरने कमी झाली नाही. उलट त्याच काळात तेथील विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्जाचे डोंगर चढत गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी तुरुंगातील पदवीशिक्षणासाठी सुमारे दहा लाख डॉलरची योजना मांडली. तुरुंगांवर अब्जावधी डॉलर खर्च करणाऱ्या राज्यात ती रक्कम नगण्य होती. पण पुन्हा तीच ओरड झाली आणि योजना मागे घ्यावी लागली.

दरम्यान काही जणांनी दिवा विझू दिला नाही. न्यूयॉर्कमधील बार्ड महाविद्यालयाने खाजगी देणग्यांवर तुरुंगांत पदवीचे वर्ग चालू ठेवले. २०१५ साली त्या वर्गातील कैद्यांच्या चमूने वादविवादात हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूवर मात केली, तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रांना आश्चर्य वाटले. त्याच वर्षी प्रायोगिक स्वरूपात पेल अनुदान पुन्हा देण्याची घोषणा झाली, २०२० च्या अखेरीस कायदा बदलला आणि जुलै २०२३ पासून ही बंदी उठली. एक संपूर्ण पिढी मधल्या मध्ये वाया गेली.

उपयुक्ततेचा युक्तिवाद आणि त्याची मर्यादा

हे मतपरिवर्तन कशाने झाले? मुख्यतः हिशेबाने. रँड या संशोधनसंस्थेने २०१३ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. तुरुंगात शिक्षण घेतलेले कैदी सुटकेनंतर पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता लक्षणीय प्रमाणात कमी असते, आणि शिक्षणावर खर्चलेल्या एका डॉलरमागे पुढील तीन वर्षांत पुन्हा कोठडीत ठेवण्याच्या खर्चातील चार ते पाच डॉलर वाचतात, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थशास्त्राच्या भाषेत ही उत्तम गुंतवणूक झाली.

हा युक्तिवाद उपयोगी आहे आणि विधिमंडळात तो अवश्य मांडावा. पण त्याच्यावरच सारी भिस्त ठेवू नये. एक तर जो कैदी आपणहून अभ्यासाला बसतो तो मुळातच बदलाच्या वाटेवर असू शकतो. त्यामुळे सारे श्रेय पदवीला देता येत नाही. दुसरे, जन्मठेपेच्या कैद्याचे काय? जो बराच काळ बाहेर येणारच नाही, त्याच्या शिक्षणाचा परतावा कोणत्या खात्यात दाखवायचा? केवळ परताव्याचा हिशेब करणारे अर्थशास्त्र त्याला वर्गाबाहेर काढील. खेड्यातील मुलीला शाळेत घालताना तिच्यापासून राष्ट्रीय उत्पन्नात किती भर पडेल, हे समाजवाद्यांनी कधी विचारले नाही. माणूस म्हणून तिचा तो हक्क आहे एवढे पुरेसे होते. कैद्याच्या बाबतीत कसोटी बदलण्याचे कारण नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. ज्याच्या हातून कोणाचा मुलगा मारला गेला, त्याने शासनाच्या खर्चाने पदवीधर व्हावे काय? या प्रश्नामागचे दुःख खरे आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाचे डोस पाजू नयेत. पण पीडित कुटुंबाला जे मिळायला हवे ते म्हणजे वेळेवर न्याय, नुकसानभरपाई, आधार. यांतले काहीही कैद्याला अडाणी ठेवल्याने मिळत नाही. शासन पीडिताला देणे असलेले ऋण चुकवत नाही आणि कैद्याच्या हातचे पुस्तक काढून घेऊन न्याय केल्याचा आव आणते, ही खरी फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो गरिबांच्याच तोंडून येतो. 'आमच्या पोराला फीसाठी शेत गहाण टाकावे लागते आणि तुरुंगातल्याला शिक्षण फुकट?' हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड वाटते. पण शेत गहाण पडले ते कोणामुळे? महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि शिक्षण ही विक्रीची वस्तू झाली. त्या बाजारात कैदी ना दुकानदार आहे ना दलाल. शेतकऱ्याच्या मुलाचा प्रतिस्पर्धी म्हणून कैद्याला उभे करणे ही गरिबाला गरिबाशी झुंजवण्याची जुनी युक्ती आहे. अमेरिकेत ती यशस्वी झाली आणि दोघेही हरले. मोफत शिक्षण दोघांनाही हवे, ही समाजवादी भूमिका आहे. एकाचे नाकारून दुसऱ्याचे समाधान करणे ही तिची विटंबना होय.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

भारतात या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० साली नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने तुरुंगसुधारणांचा सविस्तर विचार केला होता. मुक्त विद्यापीठांमुळे प्रत्यक्ष साधन उपलब्ध झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र १९९४ साली तिहार तुरुंगात सुरू झाले आणि पुढे या विद्यापीठाने कैद्यांना शुल्कमाफीही दिली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यातील काही मध्यवर्ती कारागृहांत चालतात. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाबंद्यांना शिक्षेत विशेष सूटही दिली जाते.

उणीव आहे ती पायाची. हे सारे अधीक्षकाच्या उत्साहावर आणि विद्यापीठाच्या सदिच्छेवर उभे आहे. एक अधीक्षक बदलला की वर्गाचे वारे बदलते. शिक्षेतील सूट चांगली, पण ती शिक्षा झालेल्यालाच मिळणार. जे चारांतील तीन कच्चे कैदी आहेत, त्यांना शिक्षाच झालेली नाही, तर सूट कशात देणार? उद्या सुटेल म्हणून कच्च्या कैद्याचे नाव पटावर घातले जात नाही, आणि तो 'उद्या' वर्षानुवर्षे उगवत नाही. नाव घातलेच तर परीक्षेच्या दिवशी न्यायालयाची तारीख पडते, किंवा सत्राच्या मध्यावर दुसऱ्या तुरुंगात बदली होते. नियमित महाविद्यालयात प्रवेश घ्यावा तर उपस्थितीची अट आडवी येते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातील एका न्यायाधीन बंद्याला विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊ दिला आणि प्रवेश नाकारणे हा मूलभूत हक्काचा भंग ठरेल असे म्हटले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक कैद्याने पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी उच्च न्यायालयात जायचे काय?

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा हे तुरुंगातही जात पाहून ठरत होते. ज्या व्यवस्थेने कैद्याच्या हातात जन्मावरून झाडू दिला, त्याच व्यवस्थेला त्याच्या हातात पदवी देण्याची सक्ती करणे, याचा अर्थ कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कोणी म्हणेल, चौथा हिस्सा निरक्षर असताना महाविद्यालयाची भाषा कशाला? उत्तर असे, की जिना पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड असावा लागतो. अक्षरओळखीचा वर्ग, मग दहावी, बारावी आणि पदवी. वरची पायरी दिसत असेल तरच माणूस खालची चढतो. शिवाय बराकीतील पदवीधर हाच बराकीतील निरक्षराचा सर्वांत जवळचा शिक्षक असतो.

मागण्या

तुरुंग हा विषय घटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. म्हणून दिल्लीकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. लढा राज्याच्या विधिमंडळातच द्यावा लागेल. त्यासाठी काही ठोस मागण्या पक्षाने हाती घ्याव्यात.

पहिली : साक्षरतेपासून पदवीपर्यंतचे मोफत शिक्षण हा प्रत्येक बंद्याचा, कच्च्या कैद्यांसह, कायदेशीर हक्क म्हणून कारागृहविषयक कायद्यात नमूद व्हावा. दुसरी : शिस्तभंगाची शिक्षा म्हणून पुस्तके, वर्ग वा परीक्षा कधीही बंद करता येऊ नये. तिसरी : वर्गाचा तास हा श्रमाचा तास मानावा व त्याची मजुरी मिळावी. तुटपुंज्या मजुरीतून जो घरी चार पैसे पाठवतो, त्याला मजुरी बुडवून शिका असे सांगणे म्हणजे शिकू नका असे सांगणे होय. चौथी : सत्र चालू असता विद्यार्थी बंद्याची बदली करू नये आणि परीक्षेच्या दिवशी तारीख पडल्यास त्याला हजेरीतून सूट मिळावी. पाचवी : स्त्री बंद्यांची संख्या थोडी म्हणून त्यांना वगळू नये. जेथे ग्रंथालय आणि वर्ग पुरुषांच्या विभागात आहेत, तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी. सहावी : सुटकेनंतर अभ्यास बाहेरच्या केंद्रात विनाखंड चालू राहावा आणि पदवीपत्रावर कारागृहाची कसलीही खूण असू नये.

कायद्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाच्या गावी निवृत्त प्राध्यापक आहेत, शिक्षक आहेत, पक्षाचे वाचनालय आहे. अधीक्षकांकडे रीतसर अर्ज करून आठवड्यातून दोन तास मागता येतील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत किती बंद्यांनी प्रवेश घेतला, किती जण परीक्षेला बसू शकले आणि किती जणांची परीक्षा कशामुळे हुकली, याची माहिती मागवता येईल. ती गोळा झाली म्हणजे विधिमंडळातील प्रश्नांना धार येईल.

नाशिकच्या तुरुंगात ज्यांनी समाजवादाची स्वप्ने पाहिली, त्यांना पुस्तके मिळाली होती. त्या पुस्तकांचे ऋण कोणाला फेडायचे असेल, तर त्याचा पत्ता फार दूर नाही. तो त्याच तुरुंगात, शेजारच्या बराकीत, अजून तारखेची वाट पाहत बसलेला आहे.